टेडीवाल्या सिस्टरला

प्रिय सिस्टर,

नाव छापू नकोस असं तूच बजावलंयस, म्हणून आमच्या घरातलं नाव. आमच्याकडे नर्सला सिस्टर म्हणतात हे ऐकून तू पहिल्याच भेटीत पोट धरून हसली होतीस. आज मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहायला बसले आणि ‘तुम्ही’ की ‘तू’ इथेच अडले. पण टेडी या मुलांमधल्या टाइप १ डायबेटीसच्या अभ्यासासाठी पंधरा वर्षं जिने माझ्या पोराचं रक्त काढलं, तिला ‘तुम्ही’ कसलं म्हणायचं! मुलगा तुला वाचून अर्थ सांगेल. त्याच्या मराठीवर बेतानेच विश्वास ठेव.

२००८ साली सिअ‍ॅटलमध्ये तो झाला, तेव्हा हॉस्पिटलात कुठल्याशा कागदावर आम्ही सही केली आणि रक्ताचे चार थेंब देऊन विसरून गेलो. काही आठवड्यांनी तुझा फोन आला की बाळाच्या एचएलए, म्हणजे प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांमध्ये टाइप १ डायबेटीसचा धोका दिसतोय. मी ऐकलं ते एवढंच, की बाळाला डायबेटीस आहे. दुसऱ्या दिवशी तू कागद घेऊन बसलीस. आधी ९७ लिहिलंस, मग ३. अशी जनुकं असलेल्या शंभर मुलांत साधारण तिघांना होतो. त्या कागदावरचा तो क्रम मला अजून दिसतो. दुसरी कुणी असती तर तीनच लिहून मोकळी झाली असती.

‘आमच्याकडे साखर सगळ्यांनाच आहे, सासऱ्यांना, आत्यांना,’ असं मी म्हटलं, तर ती साखर वेगळी, म्हणालीस. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. शिवाय तो होणाऱ्या दहांपैकी नऊ मुलांच्या आईवडिलांना, भावंडांना तो नसतोच. म्हणून तर सरसकट सगळ्या बाळांचं रक्त बघायचं. अमेरिका, फिनलंड, स्वीडन आणि जर्मनीत मिळून तुम्ही सव्वाचार लाखांच्या आसपास बाळं तपासलीत आणि त्यातली ८,६७६ टेडीत घेतलीत, हे मला फार नंतर कळलं. तोवर आमच्या लेखी टेडी म्हणजे तू.

सासूबाई फोनवर म्हणायच्या, ‘धडधाकट लेकराला दर तीन महिन्यांनी सुया कशाला टोचायच्या?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई साताऱ्याहून आली तेव्हा महिन्याचा शीचा डबा कुरिअरवाल्याच्या हाती देताना तिने पाहिला आणि दिवसभर देवाचं नाव घेत बसली. नखं दिली, नळाचं पाणी दिलं. पहिला दुधाचा दात कौलावर टाकायचा सोडून तुमच्या पाकिटात घातला. आणि ते तीन दिवसांचं खाणं लिहून ठेवणं! ‘मेतकूट-भात, अर्धी वाटी’ असं लिहिलं, तर मेतकुटात काय काय असतं म्हणून विचारणा. मी डाळी, तांदूळ, गहू, मोहरी, हिंग, हळद सगळं मापानिशी लिहून दिलं, वर चाखायला एक डबाही आणला. तू तिथेच बोटाने चाटून बघितलंस.

पाचव्या वर्षी रक्तात एक अँटिबॉडी आली, प्रतिकारशक्ती त्या पेशींवर उलटू लागल्याची खूण; आठव्या वर्षी दुसरी. दुसरीचा फोन तू संध्याकाळी केलास, आम्ही दोघंही घरी असू अशा बेताने. दोन आल्या म्हणजे आता ‘होईल का’ नाही, ‘केव्हा’, हे तू गोड शब्दांत गुंडाळलं नाहीस. मी रडत होते आणि तू फोन ठेवत नव्हतीस, बोलतही नव्हतीस.

त्याच सुमारास सांगलीला माझ्या चुलतभावाच्या मुलाचं झालं. सात वर्षांचं पोर पंधरा दिवस घटाघटा पाणी पीत होतं, अंथरूण ओलं करत होतं, वाळत चाललं होतं. डॉक्टरांनी पोट बिघडल्याचं औषध दिलं. धाप लागली तेव्हा कुणीतरी बोटातून रक्त काढून साखर बघितली, पाचशेच्या वर. चार दिवस आयसीयू. आता बरा आहे, क्रिकेट खेळतो. पण बोटाच्या एका थेंबावर कळणारी गोष्ट होती ती. हे वाचणाऱ्या आईबापांनो, मूल अचानक पाण्यावर तुटून पडलं तर ती तपासणी त्याच दिवशी मागा.

आमच्याकडे २०१९ मध्ये आलं. ना उलटी, ना धाप. साखरेच्या तपासणीचं ते गोडमिट्ट पाणी पिऊन दोन तासांनी काढलेल्या रक्ताने सांगितलं. त्या दुपारी मुलगा शाळेत जाऊन गणिताची परीक्षाही देऊन आला. इन्सुलिन चालू झालं ते अगदी थोडं. सासूबाईंना उत्तर मिळालं, ते मी त्यांना ऐकवलं नाही.

२०२२च्या नोव्हेंबरात तुझा पुन्हा फोन. आजार काही काळ लांबवणारं टेप्लिझुमॅब अमेरिकेत मंजूर झालं होतं, सरासरी दोनेक वर्षं पुढे ढकलणारं. ‘तुमच्यासाठी उशीर झाला, पण बातमी तुम्हाला माझ्याकडूनच कळावी,’ म्हणालीस. त्या औषधाचा आम्हाला उपयोग नव्हता, फोनचा झाला. त्याआधी तू सांगितलं होतंस, की शीच्या त्याच डब्यांतून निघालंय, काही एंटेरोव्हायरस, म्हणजे आतड्यात वाढणारे विषाणू, पोटात दीर्घकाळ ठाण मांडून बसलेल्या मुलांमध्ये अँटिबॉडी जास्त दिसतात. आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे वाया नाही गेलं हो!’

पंधरा पूर्ण झाल्यावरची शेवटची भेट. हाताला सुन्न करणारं मलम लावायला तू विसरलीस, आणि तो म्हणाला, असू दे, सवय आहे. दोघंही मलमाच्या नळीकडे बघत बसलात. मी मग पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

पुरणपोळीतले कार्ब्ज तो आता माझ्यापेक्षा नेमके सांगतो. मेतकुटाचा डबा तुझ्याकडेच आहे अजून. संपलं असेल तर कळव, आई डिसेंबरात येतेय, ताजं घेऊन.

तुझी,
मेतकूटवाली आई