अप्पा, हिरणीच्या तोंडात आधी तुम्ही पाहिलंत

तीर्थस्वरूप अप्पांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "घोडी पाणी किती पिते ते सांग" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांना दिसेल असं लिहितोय. माझ्या हिरणीसारखी घोडी ज्याच्या दारात उभी आहे, त्यानंही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

सारंगखेड्याच्या यात्रेतला तो तिसरा दिवस. एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग, तापीवरून येणारा गार वारा, आणि घोडेबाजारात दोन माणसांच्या मदतीनं हिरणीला धरून मी उभा. समोर ढोल वाजत होता. ती मागच्या पायांवर उभी राहायची, खाली यायची, पुन्हा उभी राहायची. तोंडाचा फेस लालसर झाला होता. बघणारे म्हणत होते, "काय पाणी आहे घोडीत!" मलाही तेव्हा अभिमानच वाटत होता.

तुम्ही गर्दीतून वाट काढत आलात, ढोलवाल्याला हातानं थांबवलंत आणि मला एवढंच म्हणालात, "आधी देख, तिले काय दुखस."

वर्षभरापूर्वी त्याच बाजारातून तिला घेतली होती. मारवाडी, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी, मानेवर देवमणीचा, शुभ मानलेला केसांचा भोवरा. भोवरे सगळ्यांनी तपासले. तोंड कोणी उघडून पाहिलं नाही, मीही नाही. नाचकाम शिकवणाऱ्यानं सांगितलं की शोची घोडी गरमच ठेवावी लागते. म्हणून दिवसभर अगाडी-पिछाडीच्या दोरांनी पुढून-मागून बांधून ठेवायची, हरभरा आणि गूळ भरपूर द्यायचा, पोट सुटू नये म्हणून चारा कमी, आणि तोंडात काटेरी लगाम. ती उभ्या जागी डावीकडून उजवीकडे झुलत राहायची. आम्ही कौतुकानं म्हणायचो, बघा, एकटीच नाचते.

तुम्ही लगाम उतरवलात आणि ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घातलात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याची हिरडी मोकळी असते, लगाम तिथेच बसतो. तिथे दोन्ही बाजूंना जखमा होत्या. मोबाइलच्या उजेडात तुम्ही मला वरच्या दाढेपुढचा हरभऱ्याएवढा एक दात दाखवलात. लगाम ओढला की बरोबर त्यावर आपटत होता. दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गाल सोलत होत्या. घोड्याची दाढ आयुष्यभर वर सरकत राहते आणि चारा चावूनच झिजते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तिचा चाराच तोडला होता.

तेव्हा तुम्ही स्वतः कानस हातात घेऊ शकला असता, बाजारात असे पुष्कळ असतात. "दाढा घासणं डॉक्टरचं काम, माझं नाही," म्हणालात आणि डॉक्टर येईपर्यंत घरी गेला नाहीत. त्यांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन दाढा घासल्या, तो लहान दात काढला. जखमा भरेपर्यंत तोंडात लोखंड घालायचं नाही, हे मात्र तुम्ही ठरवलंत. नंतर मला कळलं की काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनीच मनाई आहे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून!

मग तुम्ही तिच्या पोटाकडे वळलात. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, आठ-पंधरा लिटरचं. त्यात आम्ल दिवसरात्र झिरपत असतं, आणि ते शमवणारी लाळ सुटते ती फक्त चावताना. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो. माझी घोडी रात्री आठपासून सकाळी सहापर्यंत रिकाम्या पोटी उभी असायची आणि सकाळी खोगिराचा तंग आवळला की चावायला धावायची. त्याला आम्ही माज म्हणत होतो. तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याचं सुकं गवत जाळीत भरून टांगायला लावलंत, रात्रीसुद्धा. हरभरा एकदम तोडू दिला नाहीत, दहा दिवसांत हळूहळू कमी करवलात, कारण घोड्याला उलटी होत नाही आणि चाऱ्यातला अचानक बदल पोटशुळावर जातो. कोवळी हिरवी ज्वारी तर तिच्या जवळही आणू नकोस, हे तुम्ही तीनदा बजावलंत.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो ढोल. महिनाभरानं तुम्ही आमच्या मळ्यात आलात, माझ्या पुतण्याला ढोल घेऊन पार बांधाच्या टोकाला उभं केलंत आणि हिरणीपुढे गवत टाकलंत. "हळू वाजव. तिचं चावणं थांबलं की ढोल थांबला पाहिजे." तिचे कान वळले, जबडा थांबला, ढोल थांबला. आम्ही श्वास धरून बसलो. ती पुन्हा चावायला लागली, तेव्हाच पुन्हा टिपरी पडली. त्या दिवशी अर्धा तास एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्याला दहा-बारा पावलं पुढे, आणि एखाद्या दिवशी ती अस्वस्थ असली तर वीस पावलं मागे. पुतण्या कंटाळला, मीही कंटाळलो, तुम्ही नाही. बांधापासून गोठ्यापर्यंत ढोल यायला चार महिने लागले.

त्याच काळात तुम्ही मला जबड्याखालची नाडी मोजायला शिकवलंत. शांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. मी नुसता जवळ गेलो तरी हिरणीची साठच्या वर जायची. तो आकडा वहीत लिहिताना माझा हात थांबला होता, अप्पा. तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त माझा हात धरून, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर नेलात आणि बोटांनी खाजवायला लावलंत. घोडे एकमेकांना थोपटत नाहीत, तिथेच दातांनी खाजवतात, असं म्हणालात. तिनं मान खाली घेतली आणि वरचा ओठ लांब केला. वर्षभरात मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

आणि तो रात्री दोनचा फोन. तुमच्या सांगण्यावरून पिछाडी कायमची काढली होती, सोबतीला शेळी बांधली होती. गोठ्यात गेलो तर हिरणी आडवी पडलेली. पोटशूळच उठला म्हणून घाबरून तुम्हाला उठवलं. तुम्ही विचारलंत, घाम आलाय? पोटाकडे वळून बघते? लोळते, पाय झाडते? मी म्हणालो, नाही, नुसती पडली आहे, शेळी शेजारी बसली आहे. तुम्ही म्हणालात, "झोपली आहे रे. झोपू दे." घोडा उभ्यानं डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि भ्यालेला घोडा आडवा होत नाही. माझ्याकडे आल्यापासून तिला अशी आडवी झोपलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी उजाडेपर्यंत दाराशी बसून राहिलो.

ती आजही बुजते. छत्री उघडली की दचकते, प्लास्टिकची पिशवी उडाली की दोन पावलं बाजूला होते. डोळे बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं तेवढं नाही, म्हणून आता मी बोलत बोलत बाजूनंच जातो. लोक विचारतात, घोडीतलं पाणी गेलं का? त्यांना मी रेवाळ, म्हणजे झपझप पण बिनहिसक्याच्या चालीतली हिरणी दाखवतो, साध्या गुळगुळीत लगामावर, सैल दोरीनं. मान स्वतःहून उचलते, पायाला ताल स्वतःहून धरते. डीजेसमोर मात्र तिला नेत नाही, लग्नवाल्यांनी कितीही पैसे देऊ केले तरी.

तुम्ही माझ्याकडून दादर ज्वारीच्या एका पोत्याशिवाय काही घेतलं नाहीत. तेही शेळीच्या नावानं.

दत्तजयंती जवळ येतेय. हिरणीला घेऊन येतोय, गवत आणि शेळी बरोबर. तुमच्या राहुटीशेजारी जागा धरून ठेवा, ढोलापासून लांबची. आणि शिरपूरकडच्या एका पोराचा वछेरा, तरणा घोडा, फार उधळतो, त्यालाही सांगितलंय तुमच्याकडे ये म्हणून. त्याला म्हटलंय, येण्याआधी वछेऱ्याचं तोंड उघडून बघ.

तुमचा,
हिरणीवाला