भरतीची वेळ छापता, तशी ओहोटीचीही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की तुमच्या अंकात एक छोटी चौकट येऊ लागते. आज भरती अमुक वाजता, पाण्याची उंची इतके मीटर. आकडा साडेचारच्या वर गेला की अक्षरं ठळक होतात. ते योग्यच आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातच भरती आली, तेव्हा शहरातल्या पाण्याला समुद्रात जायला वाटच उरली नाही. तो दिवस ज्यांनी काढलाय, ते पावसाळ्यात आधी ती चौकट बघतात आणि मग मथळे. मीही तशीच बघते. पण पावसाळा सरला की चौकट नाहीशी होते, आणि असते तेव्हाही तिच्यात ओहोटीची वेळ क्वचितच असते. माझी विनंती एवढीच आहे की ओहोटीची वेळ बाराही महिने, रोज छापावी. मुंबईकराला पैसा न मोडता मिळणारी एक फार मोठी मौज त्या वेळेवर अवलंबून आहे, आणि गेली काही वर्षं मी ती मनापासून अनुभवते आहे.

मी गिरगावची. चौपाटी घरापासून चालत दहा मिनिटांवर, नोकरी फोर्टात, त्यामुळे समुद्र रोजचाच. पण तो संध्याकाळी कठड्यावर बसून बघायचा समुद्र होता. निवृत्तीनंतर भाचीने एकदा सकाळी हाजीअलीला नेलं. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाने काही मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर फिरवून आणतात, फी न घेता. त्यांच्याबरोबर आम्ही खडकांवर उतरलो. पाणी मागे सरलेलं, खडक शेवाळाने निसरडे, आणि मध्ये मध्ये हातभर लांबीची डबकी राहिलेली. त्यांतल्या एका डबक्याजवळ आम्हाला उकिडवं बसायला सांगितलं, आणि सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, अशी ताकीद मिळाली.

सुरुवातीला काहीच दिसलं नाही. गढूळसर पाणी, तळाला वाळू. मग एक शंख सरकला. त्याच्या तोंडातून आधी दोन मिशा आल्या, मग देठांवरचे डोळे, मग एक नांगी, आणि शंख पाठीवर घेऊन एक शंखातला खेकडा (हर्मिट क्रॅब) चालू लागला. त्याचं पोट मऊ असतं, त्यावर कठीण कवच नसतं, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधून तो त्यात राहतो आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधून घर बदलतो, हे मला तिथे कळलं. लहानपणी मी चौपाटीवरून फ्रॉकच्या ओच्यात भरभरून शंख आणायचे. आता एकही उचलत नाही. त्याच डबक्याच्या काठाला समुद्रफूल चिकटलेलं होतं. पाण्यात असताना त्याच्या पाकळ्या, खरं म्हणजे त्याचे हात, पसरलेले असतात. पाणी उतरलं की तो सगळा पसारा आत ओढून घेतो आणि खडकावर नुसता एक ओलसर गोळा दिसतो. त्या गोळ्यांवर पाय देऊन माणसं सेल्फी काढताना बघितली की जीव कळवळतो. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तेव्हापासून आम्ही चार मैत्रिणी, भाची आणि तिची मुलगी, असा आमचा एक गोतावळा झाला आहे. बाकीच्या मैत्रिणी सहलीला लोणावळा-माथेरानला जातात, आम्ही बीज-तीज बघून किनारा ठरवतो. ही तिथीची रीत आमच्या मासळीवाल्या कोळीणबाईंनी समजावली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे तिच्या सहा-सव्वासहा तासांनी, नवाच्या पुढे ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज सगळं पाऊण-पाऊण तास पुढे सरकतं. अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ना धड वर ना धड खाली. बाई म्हणाल्या, “ताई, बीजेला या. आठ वाजायच्या आत पाणी पार बाहेर गेलेलं असतं.” त्या स्वतः ओहोटीला वरळीच्या खडकांवर कालवं काढायला जायच्या, त्यांची आईही जायची. खडकाला घट्ट बसलेलं कालव एका ठोक्यात उघडणं हे कष्टाचं काम आहे, बघणाऱ्याला सोपं वाटतं. हाजीअलीच्या दर्ग्याला जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून तिथले भाविकही पिढ्यानपिढ्या वेळ विचारून निघतात. म्हणजे या शहरात ओहोटीचं घड्याळ बघून जगणारी माणसं आहेतच. ते बाकीच्यांपर्यंत पोहोचवणं तुमच्यासारख्या वृत्तपत्राला सहज जमण्यासारखं आहे.

परवाच्या बीजेला आम्ही जुहूला गेलो. जुहूची मजा वाळूत. पाणी मागे गेलं की ओल्या वाळूवर नखाएवढे खेकडे आपापल्या बिळातून बाहेर येतात. वाळूचा एकेक घास नांग्यांनी तोंडाशी न्यायचा, तिच्यातलं खाण्यासारखं तेवढं काढून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची साबुदाण्याएवढी गोळी करून मागे टाकायची. हे इतकं भराभर चालतं की अर्ध्या तासात बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा चहूकडे पसरतात. भाचीची मुलगी पोटावर झोपून बघत होती. जरा हलली की सगळे एका क्षणात गायब. मग तिने श्वास रोखून वाट बघितली, आणि एकजण बाहेर आला, थांबला, पुन्हा कामाला लागला. आठ वर्षांची पोर, एरवी हातातला मोबाइल सुटत नाही, ती पाऊण तास जागची हलली नाही. आमच्याभोवती बघ्यांची गर्दी जमली. एका भेळवाल्या दादांनी विचारलं, काय हरवलंय का? त्यांना दाखवलं तर तेही वाकून बसले. वीस वर्षं इथे गाडी लावतो, म्हणाले, या गोळ्या पोरं करतात असं वाटायचं. घरी येऊन मुलीने वहीत चित्र काढलं, खाली तारीख, तिथी आणि जागा लिहिली. फोटो भाचीने आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकले. तिथे जाणकार लोक प्राण्याचं नाव सांगतात आणि कुठे काय दिसलं याची नोंद सगळ्यांसाठी राहते. सामान्य माणसांच्या अशा नोंदींना पुढे अभ्यासातही मोल येतं.

पूर्वी मुलांना समुद्राच्या आतलं काही दाखवायचं म्हटलं की मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय होतं. 1951 मध्ये सुरू झालेलं ते मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे. ते पुन्हा उघडावं असं मला मनापासून वाटतं, पण तोवर मुलांना थांबवून कशाला ठेवायचं? वरळीच्या आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे मुंबईतल्या किती शाळांतल्या मुलांना माहीत आहे? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळांना वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. कोस्टल रोडच्या कामात त्यांतले काही 2020 मध्ये उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन लावले गेले. मार्च 2024 मध्ये रस्त्याचा पहिला भाग सुरू झाला आणि आता गाड्या भरधाव जातात. रस्त्याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी असतील, पण त्याच्या पायथ्याशी काय जगतं हे एकदा डोळ्यांनी बघून मग मत बनवलेलं बरं.

ओहोटीची वेळ छापली तर लोक आत जातील आणि अपघात वाढतील, अशी शंका कुणी घेईल. मला उलट वाटतं. लोक आजही जातात, वेळ न बघता जातात. बँडस्टँडच्या खडकांवर, अक्सा-मार्व्याला बुडाल्याच्या बातम्या तुम्हीच छापता. पाणी कधी फिरणार हे ज्याला ठाऊक आहे, तो फिरायच्या आधी वर येतो. आमचा नियम असा की ओहोटीच्या वेळेआधी तासभर उतरायचं आणि ओहोटीची वेळ झाली की निघायचं, पाठ समुद्राकडे करायची नाही, पायात पट्टा घट्ट असलेले बूट, आणि पावसाळ्यात खडकांवर जायचंच नाही. वाळूत पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नये, घासत न्यावा, म्हणजे वाळूत दबा धरलेलं पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला होतं. 2013 च्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकटांनी कितीतरी भक्तांना दंश केले होते, ते आठवत असेल. ब्लू बॉटल नावाचे जेलीफिशसारखे निळे, दंश करणारे जीवही पावसाळ्यात जुहू-गिरगावला वाहून येतात, ते मेलेले दिसले तरी हात लावू नये. या गोष्टी चौकटीखाली एकेका ओळीत अधूनमधून देता येतील.

आता चौकटीविषयी. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी पुढच्या वर्षीच्या भरती-ओहोटीची कोष्टकं आधीच प्रसिद्ध करतो, मुंबईसाठी अपोलो बंदरची. तेव्हा बातमीदाराला रोज धावपळ करायला नको. सूर्योदय, सूर्यास्त आणि राहुकाळ जिथे असतो, तिथे दोन ओळी पुरतील. वेळेबरोबर पाण्याची उंचीही द्यावी, कारण खरी मेख तिच्यात आहे. ओहोटी अर्ध्या मीटरच्या आसपास असेल तर खडक पार उघडे पडतात. दीड मीटरच्या वर असेल तर घरी बसून चहा घ्यावा, बघायला काही मिळत नाही. वेळ पहाटे, सकाळी, संध्याकाळी असं लिहून द्यावी, रेल्वेसारखी चोवीस तासांची नको, माझ्या वयाच्या वाचकांना ते सोयीचं जाईल. आणि हे मे महिन्याच्या सुट्टीच्या आधी सुरू झालं तर फार बरं, मुलं घरी असतात.

आपली,
एक नियमित वाचक
गिरगाव, मुंबई