डावा हात

प्रिय बंड्या,

तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर तशीच.

आपल्या पियानोच्या सरांना पक्षाघाताचा झटका आल्याचं तुला पक्यानं सांगितलंच असेल. बोलणं शाबूत आहे, शिव्यांसकट. फक्त डावा हात मांडीवर पडून असतो. रविवारी गेलो तर म्हणाले, "ती जॅरेटची घरी केलेली रेकॉर्ड लाव." म्हणजे जॅझ पियानोवाल्या कीथ जॅरेटची 'द मेलडी ॲट नाइट, विथ यू'. हो, तीच. तू 'हॉटेलच्या लॉबीतला पियानो' म्हणाला होतास ती, आणि त्यावरून आपल्या मेस वेगळ्या झाल्या होत्या.

मला अजूनही तुझं पटत नाही. १९७५ साली कोलोनमध्ये काहीही न ठरवता तासभर वाजवणारा माणूस इथे साध्या चाली का वाजवतो, म्हणून तू भांडलास. अरे, १९९६ पासून त्या सततच्या थकव्याच्या आजारानं (क्रॉनिक फटीग) त्याला पार झोपवलं होतं. त्या आजारपणातच न्यू जर्सीतल्या घरच्या स्टुडिओत, एकटा, जेवढं झेपेल तेवढं वाजवून बायकोला नाताळची भेट दिली. तीच पुढे १९९९ ला ईसीएम या रेकॉर्ड कंपनीनं काढली. यावर तू म्हणालास, "आजारपणाचे ग्रेस मार्क देऊ नकोस." नालायका!

तर 'आय लव्ह्ज यू, पोर्गी' लागलं. गर्श्विनची चाल तो जवळजवळ सरळच वाजवतो, नेहमीसारखा कण्हत-गुणगुणतही नाही फारसा. सगळी गंमत डाव्या हाताच्या थांबण्यात. सर ऐकत होते, उजव्या हाताची बोटं चादरीवर चाललेली. मग म्हणाले, "मला पियानोपाशी ने. उजवा मी, डावा तू."

माझ्या डाव्या हाताची अवस्था तुला ठाऊक आहे. वाद्यवृंदात ठोकळे कॉर्ड दाबून दाबून तो कारकून झालाय. सर एक सूर लावून थांबायचे, आणि मी घाबरून आधीच खाली उतरायचो. एका ठिकाणी तर सरळ चुकीचा बास लावला. मान खाली घालून शिवीची वाट बघत बसलो.

सर म्हणाले, "छान."

बंड्या, छान! माझ्या वाजवण्याला! ज्या माणसानं तुझ्या बोटांवर पट्टी मोडली, तो. त्यांना ऐकू आलं नाही, की ऐकू येऊनही आता भांडायचं नाहीये? बायको म्हणते, म्हातारी माणसं मवाळ होतात, त्यात काय. तिला काय सांगणार? मला रात्री त्या 'छान'नं झोप लागत नाही. त्यातून जॅरेटलाही २०१८ मध्ये दोन झटके आले, त्याचाही डावाच हात गेला, हे सरांना माहीत आहे का तेही कळेना. माहीत असूनच ती रेकॉर्ड मागितली असेल तर? विचारायची माझी छाती नाही. तू विचारशील, तुला लाज नाही.

चिऊचा दहावीचा निकाल ऐकला, पेढे पोचले समज. नव्या फ्लॅटला पाणी येतं का? वहिनींना नमस्कार.

गणपतीत येशील तेव्हा एक दिवस सरांसाठी ठेव. डाव्या बाजूला तू बस. तुझा बास माझ्याहून भिकार आहे, तेव्हा चुकशील याची खात्री आहे. मी दाराशी उभा राहून ऐकतो, तुला तरी शिव्या पडतात का.

तुझा,
पम्या