भीड भाबडेपणाची नव्हे

महोदय,

फोनमधील बोलक्या सहायकाला ‘धन्यवाद’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांना भाबडे ठरवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला; त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. माझी आई रोज सकाळी फोनला ‘आज पाऊस आहे का गं?’ असे विचारते आणि उत्तर मिळाल्यावर ‘बरं हं’ म्हणूनच तो खाली ठेवते. तिची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. आवाज यंत्राचा आहे, हे तिला नेमके ठाऊक आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्लिफर्ड नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या एका प्रयोगात, ज्या संगणकाने शिकवले त्यानेच ‘माझे काम कसे वाटले?’ असे विचारले, तेव्हा संगणकाला सरावलेल्या विद्यार्थ्यांनी दिलेला अभिप्राय, दुसऱ्या संगणकावर किंवा कागदावर घेतलेल्या अभिप्रायापेक्षा अधिक अनुकूल निघाला. तोंडावर वाईट बोलू नये, ही भीड तिथेही आड आली. विचारल्यावर मात्र त्यांनी ती नाकारली. त्याआधी १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संवाद साधणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, तेव्हा तो घडताना पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनीच, त्याच्याशी बोलता यावे म्हणून त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले होते.

बोलण्याला बोलण्याने उत्तर देण्याची सवय विचाराच्या आधी जागी होते. लेखकाला टीका करायचीच असेल, तर यंत्राच्या आवाजात मुद्दाम जिव्हाळा भरून या सवयीवर विक्री साधणाऱ्यांवर करावी.

– एक वाचक, सातारा