तो व्हिडिओ डिलीट करू नको, गजू

प्रिय गजू,

इतके महिने पत्र नाही म्हणून चिडला असशील. शिव्या भेटल्यावर दे. घरी सगळे बरे. आईची शुगर आटोक्यात, माझी पाठ जशी होती तशीच. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच हसतोस अन् विषय राहून जातो.

ताईच्या पोट्ट्यानं मोटरीच्या स्टार्टरवर पेटंट मागितलंय ना, त्यावर पेटंट ऑफिसच्या परीक्षकाचा पहिला अहवाल आला, आक्षेपांचा. उत्तराला सहा महिने, फॉर्म ४ भरून आणखी तीन. गावात बोंब झाली की सॉफ्टवेअरला पेटंट नाही म्हणाले. अर्धंच खरं आहे ते. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये नुसत्या प्रोग्रामला अन् अल्गोरिदमला मनाई आहे. पण फरीद अल्लानीच्या प्रकरणात दिल्ली हायकोर्टानं डिसेंबर २०१९ मध्ये सांगून ठेवलंय, की तांत्रिक परिणाम दिसत असेल तर केवळ प्रोग्राम आहे म्हणून दार लावता येत नाही.

अन् आपला परिणाम तर डीओच्या, म्हणजे डीपीवरच्या फ्यूजच्या, तारेत दिसतो. ६३ केव्हीएची डीपी (रोहित्र) म्हणजे पूर्ण ताकद जेमतेम ८८ अँपियर. तिच्यावर पाच एचपीच्या दहा मोटरी. चालताना एकेक साडेसात अँपियर घेते, उचलताना, म्हणजे सुरू होताना, साधारण सहापट, म्हणजे ४५. रात्री लाइन आली की दहाही ऑटो स्टार्टर एकदम ओढतात : साडेचारशे! व्होल्टेज बसतं, मोटर नुसती घूं घूं करते, कुणाचं वाइंडिंग जळतं, नाहीतर डीओ उडतो अन् सगळ्यांच्याच वावराचं पाणी बंद. पोट्ट्याचा स्टार्टर नुसता लाइनकडे कान लावून बसतो. शेजारची मोटर उचलली की व्होल्टेजला खड्डा पडतो. ते खड्डे तो मोजतो. काल आपल्याआधी चार पडले होते तर आज पाचवा नंबर धरायचा. मधला कुणी बंद असला तर ठरावीक वेळ वाट पाहून पुढं सरकायचं. सिम नको, रेंज नको, धुऱ्यावरून वायर ओढणं नको.

परीक्षकानं आधीच्या शोधाचा जुना दाखला जोडलाय तो अंदाजपंचे उशीर लावणाऱ्या टायमरचा. फरक ढळढळीत आहे, पण पेटंट एजंटानं पहिल्या दाव्यात (हक्क नेमका कशावर, ते सांगणाऱ्या कलमात) लिहिलंय 'योग्य वेळ थांबून'. त्यात तो टायमरही बसतो! आठवा दावा तर सरळ 'संगणक प्रोग्राम' म्हणूनच आहे, तो काढावाच लागेल. पहिला असा हवा : व्होल्टेज मोजणारा सेन्सर, खड्डा ओळखणं, मोजणी, कालचा नंबर साठवणं, अन् शेवटी कॉन्टॅक्टर (मोटर चालू करणारा स्विच) ओढणं. शेवटच्या पायरीला लोखंड हलतं, तिथं ३(के) ला उत्तर देता येतं. कलम ५९ प्रमाणे दावा आवळता येतो, पसरवता येत नाही, अन् मूळ तपशिलात (अर्जातल्या शोधाच्या वर्णनात) नसलेलं घुसडता येत नाही. पूर्ण तपशिलात हे सगळं आहे, तेवढं बरं.

आता तू जुनं काढशील : 'सॉर्टिंगवर पेटंट म्हणजे भाकरी थापण्यावर पेटंट'. माहिती क्रमानं लावायच्या त्या पद्धतीवर मार्टिन गोएट्झ या प्रोग्रामरला ते अमेरिकेत १९६८ मध्ये मिळालं म्हणून तू हॉस्टेलात जेवण सोडलं होतंस. (मेसची भाजी पाहून सोडलंस, हे माझं मत कायम आहे.) तिथल्या सुप्रीम कोर्टाचा बेन्सन प्रकरणातला १९७२ चा निकाल तुला तोंडपाठ, दशमान आकडे द्विमानात नेण्याची पद्धत नाकारली तो. त्याच कोर्टाचा १९८१ चा डीअरचा निकाल मात्र तू सोयीनं विसरायचास. रबराच्या साच्याचं तापमान सतत मोजायचं, अर्हेनियसच्या सूत्रानं वेळ पुन्हापुन्हा काढायची, भरली की प्रेस उघडायची. सूत्र जुनंच, पण प्रेस उघडते ना बे? तो निकाल इथं बंधनकारक नाही, पण दावा कसा रचावा ते त्यातून कळतं.

एवढ्यावर माझी झोप उडाली नसती. १६०० रुपये भरून पोट्ट्यानं आधी टाकलेला प्रोव्हिजनल (तात्पुरता अर्ज) आता नीट वाचला. दोन पानं, अन् 'मोटरी पाळीपाळीनं सुरू होतील' एवढंच. खड्डे मोजणं कुठंच नाही! म्हणजे त्या दाव्याला प्रोव्हिजनलची तारीख मिळत नाही, बाराव्या महिन्यात टाकलेल्या पूर्ण तपशिलाची मिळते. अन् त्या मधल्या काळात तुझ्या चॅनलवर चाचणीचा व्हिडिओ चढलाय, म्हणजे त्या तारखेआधीच युक्ती जगापुढं, नवेपणा धोक्यात.

अमेरिकेत शोधकाला स्वतःच उघड केल्यावर वर्षभराची सवलत असते. इथं सरसकट तशी नाही. कलम ३१ मुख्यतः सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरतं अन् विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधापुरतं. कलम ३२ मुळे डीपीवरची चाचणी वाचेल, कारण वर्षाच्या आतली आहे अन् दहा कास्तकारांच्या मोटरी घरात कोंडून तपासता येत नाहीत. व्हिडिओ त्यात बसत नाही. परीक्षकाला तो सापडलेला नाही, पण अर्ज प्रसिद्ध झालाय अन् पेटंट मिळेपर्यंत कुणीही विरोध टाकू शकतो. एखाद्या स्टार्टर कंपनीचा माणूस यूट्यूब पाहत नसेल असं आपण काहून समजायचं?

म्हणून डिलीट करू नको. लोकांनी पाहिलं ते पाहिलं. पुसलास तर त्यात नेमकं काय होतं याचा आपल्याकडेच पुरावा राहणार नाही. मूळ फाइल अन् अपलोडची तारीख पाठव. लॅपटॉपचा पडदा कोणत्या मिनिटाला दिसतो? मोटरी एकामागून एक सुरू होताना नुसत्या दिसत असतील तर युक्ती उघड झाली नाही असं भांडता येईल. मोजणी दिसते पण कालचा नंबर साठवणं दिसत नाही, असं असेल तर सगळा भार त्या नंबरावर टाकायचा; निदान नवेपणा टिकेल. तू तोंडानं सगळं समजावून सांगितलं असशील, तुझ्या सवयीप्रमाणं, तर मेलो.

दुसरं, चौकटीच्या कागदावर तू काढलेला व्होल्टेजचा ग्राफ. पोट्टा म्हणतो, त्याचा फोटो आकृती म्हणून प्रोव्हिजनलला जोडला होता. माझ्याकडच्या प्रतीत ते पान नाही. त्यावर खड्ड्यांना नंबर घातलेले असतील तर गोष्टच बदलते, कारण आकृतीही तपशिलातच धरतात.

वहिनींची बदली अमरावतीला झाली का? संत्र्याला आंबिया बहार धरला की मृग? पोरीला म्हणावं, फिजिक्स सोडू नको.

ग्राफ व्हॉट्सॲपवर नको, ते फोटो दाबून टाकतं अन् तुझं अक्षर आधीच डॉक्टरी. चांगला स्कॅन करून मेल कर, कागदाची मागची बाजूही.

तुझा,
दिल्या