एकटीच्या जोरावर नाही हो, बाबा

आई, बाबा,

शालोम. मावशीचा मेसेज आला की बाबा सगळ्या अलिबागला सांगत सुटलेत, लेकीने परक्या देशात एकटीच्या जोरावर फ्लॅट घेतला म्हणून. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण ते "एकटीच्या जोरावर" काही पचलं नाही बघा. आणि नेमका ह्याच शब्बाथला, शनिवारी, इथे इस्रायलमध्ये अश्दोदला सिनेगॉगमध्ये 'की तावो' हा भाग वाचला, आपल्या तोराच्या पाचव्या पुस्तकातला, देवारीमचा 26 वा अध्याय त्यातलाच, म्हणून म्हटलं फोनवर राहून जाईल, लिहितेच.

त्यात शेतकरी पहिल्या फळांची टोपली घेऊन कोहेनसमोर, म्हणजे मंदिराच्या याजकासमोर, उभा राहतो. आपण असतो तर म्हटलं असतं यंदा पीक काय झकास आलंय. हा सुरुवात कुठून करतो तर, माझा बाप भटका अरामी होता, मग मिसरात (इजिप्तमध्ये) गेलो, मूठभर होतो, तिथे आमचे हाल केले, आम्ही देवाला हाका मारल्या, त्याने बाहेर काढलं, आणि आता देवा तू दिलेल्या जमिनीचं हे पहिलं फळ घेऊन आलोय. नांगर ह्याने धरला, घाम ह्याचा, तरी जमीन "तू दिलेली"! आभार मानायचे तर आधी घरची जुनी गरिबी चारचौघांत सांगायची. आपले लोक नेमकं तेच झाकतात (नावं घेत नाही, आईला कळलंच असेल कोण).

मिश्नात, म्हणजे जुन्या रब्बींच्या नियमांच्या ग्रंथात, ह्या बिक्कुरीमची, पहिल्या फळांची, बारीकसारीक वर्णनं आहेत. झाडावर पहिलं अंजीर दिसलं की त्याला गवताची काडी बांधून ठेवायची, हे देवाचं. मग वाजतगाजत यरुशलेमला, पुढे बैल, शिंगांना सोनं मढवलेलं, बासरी चालू. पण मंदिराच्या डोंगरावर पोचलं की राजा अग्रिप्पासुद्धा टोपली स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा, नोकर नाही चालत. आणि मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. आधी टोपलीपुढचं ते म्हणणं ज्यांना वाचता यायचं ते स्वतः वाचायचे आणि ज्यांना यायचं नाही त्यांना दुसरा सांगायचा आणि ते मागून म्हणायचे. झालं काय, न वाचता येणारे लाजेने यायचेच बंद झाले. मग ठरलं की सगळ्यांनाच सांगायचं, विद्वान असो की अडाणी, सगळ्यांनी मागून म्हणायचं. म्हणजे एकाची लाज झाकायला शहाण्यांनी आपलं शहाणपण बाजूला ठेवलं.

बाबा, माझी टोपली भरायला घेतली तर त्यात तुमचा पीएफ येतो, माझं तिकीट त्यातूनच निघालं होतं. आई, तुझी हुकं-काजं येतात. लाईट गेली की कंदील जवळ ओढून तू ब्लाउजला हुकं लावत बसायचीस, दातांत दोरा, आणि तरी माझी 'शेमा'ची प्रार्थना चुकली की तसंच हुं हुं करून थांबवायचीस. देवारीमच्या 8 व्या अध्यायात तर सरळ बजावलंय, पोटभर खाशील, चांगली घरं बांधशील, तेव्हा मनात म्हणू नकोस की माझ्याच हाताच्या बळाने हे मिळवलं. आता फ्लॅट घेतल्या घेतल्या मी तेच म्हणत फिरू का?

आजी खिरीच्या सणाला नव्या तांदळाची खीर करायची ना नारळाचं दूध घालून, ते पण हेच, नाही का? आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्यांना मिश्ना कुणी शिकवली नव्हती, पण नवं धान्य आलं की आधी देवाचं नाव.

तर गुरुवारी घरी मलिदा ठेवलाय, आपला तो गोड पोह्यांचा प्रसाद, एलियाहू हनाबीच्या, एलिया संदेष्ट्याच्या, नावाने. शेजारची रशियन आजीपण येणार, त्या अध्यायात परक्यालाही आनंदात सामील करून घ्यायला सांगितलंय, आणि तिला पोहे आवडतात. व्हिडिओ कॉल लावते, आमचे 6 म्हणजे तुमचे साडेआठ. बाबा, बेराखा, आशीर्वादाची प्रार्थना, तुम्ही म्हणा, आम्ही सगळे मागून म्हणू. आई, तू फक्त पोह्यांचं माप पाठव, वीसेक माणसं धर, आणि खोबरं इथे फ्रोझनच मिळतं तर गूळ कमी घालू का तेही सांग.

तुमची,
बेबी