आधी सुतळी, मग प्लगइन

संपादक महोदय,

मुंबईत कॉलेजांचे बँड, ऑर्केस्ट्रा, बँजो पार्ट्या यांतली कितीतरी मुलं आता घरीच रेकॉर्डिंग करतात. ऑक्टापॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) केबलने थेट जातो, त्याचं काही अडत नाही. खरा ड्रमसेट लावला की मात्र स्नेअर (काठीने वाजवायचा मधला ड्रम) पातळ येतो, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) घुमत राहते आणि मुलं महागडे प्लगइन, म्हणजे आवाज सुधारायची जोड-सॉफ्टवेअर, शोधू लागतात. सल्लाही त्यांना तोच मिळतो, याचं वाईट वाटतं. कारण बिघाड बहुतेकदा माइक लावतानाच झालेला असतो, आणि त्यावरचा उपाय जवळपास फुकट आहे.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे साधारण ३४ सेंटीमीटरला एक मिलिसेकंद. स्नेअरजवळच्या माइकपेक्षा ओव्हरहेड, म्हणजे सेटच्या वर लावलेला माइक, ८६ सेंटीमीटर जास्त लांब असेल, तर तोच ठोका त्यात अडीच मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. परिणामी २०० हर्ट्‌झच्या आसपास, जिथे स्नेअरचा भरीवपणा असतो, दोन्ही लहरी उलट्या पडून एकमेकींना खातात. जे असं कटून गेलं ते मिसळलेल्या आवाजावर ईक्यू (ठरावीक हर्ट्‌झचा आवाज वाढवणं-कापणं) चढवून परत येत नाही.

म्हणून कोणताही इफेक्ट लावण्याआधी सगळं मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐकावं. आधी फक्त ओव्हरहेड, मग त्यात स्नेअर मिसळून त्याचं पोलॅरिटीचं (लहर उलटी करणारं) बटण दाबून पाहावं. ज्या बाजूला आवाज भरदार वाटेल ती ठेवावी. मग हेच किकला. स्नेअरच्या खालीही माइक असेल तर तो जवळपास नेहमीच उलटावा लागतो, कारण वरचं कातडं माइकपासून दूर जातं तेव्हा खालचं त्याच्या माइककडे येतं. तरीही पातळ वाटलं, तर स्नेअरचा ट्रॅक त्या अडीच मिलिसेकंदांनी पुढे, म्हणजे उशिरा वाजेल असा, सरकवावा, ४४.१ किलोहर्ट्‌झला ते ११० सॅम्पल होतात. आणि रेकॉर्डिंगआधीच स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही ओव्हरहेडपर्यंत सुतळी धरावी आणि अंतर सारखं करावं. स्नेअर आपोआप मधोमध येतो.

काही जण किक मोबाइलवर आणि बाकी लॅपटॉपवर घेतात. दोन्हींची घड्याळं वेगळी, त्यामुळे सुरुवात जुळवली तरी गाणं संपेपर्यंत ट्रॅक सरकलेले असतात. शिवाय मोबाइल आवाजाची पातळी आपल्या मनाने कमी-जास्त करतो. पैसे घालायचेच तर चार इनपुटच्या एका इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्रावर) घालावेत आणि उरलेल्यांतून ड्रमची नवी कातडी घ्यावीत. ढिल्या, वापरून गुळगुळीत झालेल्या कातड्याचा आवाज कोणत्याही मिक्समध्ये सुधारत नाही.

खोलीचा प्रश्न अधिक अवघड आहे. १० बाय १० फुटांच्या खोलीत लांबी आणि रुंदी दोन्हींचा घुमारा ५६ हर्ट्‌झलाच येतो, आणि किकचा खर्जही तिथेच असतो. भिंतींवर गोधड्या टांगून तो जात नाही. सेट कोपऱ्यातून बाहेर काढावा आणि किकचा माइक पुढच्या भोकातून आत सरकवावा. गोधडी किंवा गादी छताखाली, झांजांच्या बरोब्बर वर मात्र जरूर बांधावी. ओव्हरहेड स्लॅबपासून अडीच फुटांवर असेल, तर परतलेला आवाज जेमतेम चार मिलिसेकंदांनी येतो आणि झांजा नळीतून वाजल्यासारख्या ऐकू येतात.

एवढं झालं की मिक्सिंगचं काम थोडंच उरतं. २४ बिटवर रेकॉर्ड करताना आवाजाची शिखरं मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवावीत. किकमधला डबा वाजल्यासारखा आवाज ३०० ते ४०० हर्ट्‌झला कापावा. स्नेअरचा गेट (ठोक्यांमधला आवाज दाबणारा इफेक्ट) पूर्ण बंद होऊ देऊ नये, आवाज १० ते १२ डेसिबल खाली आणला की पुरे. नाहीतर प्रत्येक ठोक्यागणिक हाय-हॅटचा (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचा) आवाज उघडझाप करतो. मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर ४:१ या प्रमाणात, त्याचा अटॅक (दाबायला लागण्याआधीचा वेळ) २० मिलिसेकंदांच्या पुढे. १ मिलिसेकंद ठेवला तर काठीचा फटकाच दबतो. रीपर या सॉफ्टवेअरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरना मिळतो, आधी ६० दिवस वापरून पाहता येतं, आणि त्यातलेच ईक्यू, गेट, कॉम्प्रेसर या सगळ्याला पुरतात.

पैशाने न सुटणाऱ्या गोष्टी दोनच: ठेंगणं छत आणि शेजारी. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ड्रमसेट जवळून सहज १०० च्या पुढे जातो. शेजाऱ्यांची तक्रार रास्तच असते. मंडळांचे आणि सोसायट्यांचे उंच छताचे हॉल आठवड्याच्या मधल्या दुपारी रिकामे असतात. पंखे बंद करून, दारं-खिडक्या लावून ते अशा मुलांना दोन-तीन तास नाममात्र भाड्याने द्यावेत, ही त्यांच्या पदाधिकाऱ्यांना आपल्या पत्रामार्फत विनंती.

– काही ध्वनितंत्रज्ञ, परळ, मुंबई